सोमावतीबाईंना मांडलेला पाट

अगं भागे, आधी बस. चहा नंतर. मधे काही विचारू नकोस, नुसतं ऐक, नाहीतर माझं काहीतरी सुटेल आणि मग तुला वाटेल मी वेडी झाले.

तू लासलगावला मामाकडे गेलीस ना, त्याच आठवड्यात झालं हे सगळं. पांडवलेण्यापाशी एक बस बंद पडली. म्हणजे बस मद्रासची, पण आतली माणसं लंकेची! सगळे सिंहली, सगळे पांढऱ्या कपड्यांतले. रामेश्वरमपर्यंत बोटीनं आले, मग बसनं बुद्धगया, सांची, वेरूळ करत करत नाशिकला, इथून पुढे मुंबई. लेणी बघून खाली उतरले तर बसचा कुठलासा पार्ट तुटलेला. ड्रायव्हर म्हणाला, पार्ट मुंबईहून येणार, दोन-तीन दिवस लागतील. मग काय, आपल्या विहाराची कमिटी सायकली हाणत तिकडे पोचली आणि लग्नातलं वऱ्हाड वाटून घेतात ना, तशी सगळी माणसं वसाहतीत घरोघरी वाटून टाकली.

आमच्या वाट्याला आल्या सोमावतीबाई आणि त्यांचा मुलगा गुणपाल. बाई पन्नाशीच्या पुढच्या, शाळेच्या हेडमास्तर होत्या, आता रिटायर. ताठ कणा, पांढरं पातळ, आणि चष्म्यातून अशा बघायच्या की आपण गृहपाठ केला नाही असंच वाटावं. गुणपाल तिशीचा असेल, गावच्या सहकारी भात गोदामात कामाला. दोघांना इंग्रजी येतं. आणि आमच्या घरात इंग्रजी कोणाला येतं? बाबा प्रेसमध्ये सगळ्यांना सांगून आले होते, आमच्या विमलचं इंग्रजी फर्स्टक्लास आहे. फर्स्टक्लास कसलं! हाऊ आर यू झालं की माझी गाडी अडायची. पण दुसऱ्या दिवसापर्यंत मी अशी सुटले ना, की आई म्हणाली, हिला आता कोणीतरी थांबवा.

पहिल्या जेवणाला गुणपालनी भाकरी उचलली, पापडासारखी मोडली आणि कुडुमकुडुम सुकीच खाल्ली. आजी म्हणते, "पोरगं भुकेलं हाय गं, कालवण घाल त्याला!" ते तिन्ही वेळ भात खातात म्हणे. सकाळी पण! आणि खोबरं पाहिजेच. आईनं शेवटी पंचवटीतून नारळ मागवले.

पण खरी मजा अंगणात. सकाळी उन्हात गुणपाल बसायचा आणि अर्धी वसाहत त्याच्याभोवती. सगळ्यांना एकच, तुमचं गाव कसं आहे ते सांगा. गाव म्हणजे छोटंसंच, शेतीवालं. चारी बाजूंनी भाताची शेतं, वरच्या अंगाला मोठा जुना तलाव. तलावाचं पाणी शेतात कधी सोडायचं ते कोणी साहेब ठरवत नाही, सगळे शेतकरी सभा घेतात, तारीख ठरते, आणि मग सगळ्यांची पेरणी एकदम. भिकनकाका, आमचे शेजारी, ते मूळचे निफाडकडचे शेतकरी. ते म्हणाले, "आणि एखाद्यानं आधीच चोरून पाणी घेतलं तर?"

गुणपाल म्हणाला, "घेतात ना. माझे काकाच घेतात."

सगळे असे हसले!

मग मी एकेक विचारत गेले. दवाखाना? आहे, फुकट. बाळंतपणाचा वेगळा. शाळा? फुकट, आता पुस्तकं पण फुकट. लायब्ररी? भागे, लायब्ररी आहे! एवढ्याशा गावात, आणि दुपारी बायका जाऊन वर्तमानपत्र वाचतात. बेकरीवाला सायकलवर पेटी बांधून पाव विकत फिरतो, आपल्या एसटीसारखी लाल बस येते, रविवारी बाजार भरतो. सहकारी दुकानात टीव्ही आहे, मोटारीच्या बॅटरीवर चालतो, आणि बाहेर अख्खं गाव उभं राहून बघतं. आपल्याकडे तर टीव्हीत नुसत्या मुंग्या. आणि ऐक, तुझ्या मामाचा कांदा तिथल्या बाजारात मिळतो! खरंच! आपल्याकडून जातो तो. त्याला तिथे बॉम्बे अनियन म्हणतात.

भिकनकाका तर उसळलेच. "वाढवायचा आम्ही, वाळवायचा आम्ही, आणि नाव मुंबईचं? ह्याला सांग, लासलगाव म्हणायचं!"

पण सगळ्यांत कमाल वेगळीच. आजीनं विचारलं, "पोस्टमन कोनाचा हाय तिथं?"

मी विचारलं. गुणपालला प्रश्नच कळेना. मग म्हणाला, "पोस्टमन? बौद्ध."

"आन् मास्तर?"

"बौद्ध."

"पोलीस?"

"बौद्ध."

आजी खाटेवरून पुढे सरकली. "हॉटेलवाला? दुकानदार? बसचा कंडक्टर?" सगळे बौद्ध, भागे. तलाठी बौद्ध, डॉक्टर बौद्ध. दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी. विचार कर, सरकारी! सगळं गाव पांढरं नेसून विहारात. भिकनकाका तोंड उघडं टाकून बसलेले. मग आजी एकदम म्हणाली, "मंग चोर कोन?"

गुणपाल म्हणाला, "तो पण बौद्धच."

तू असायला हवी होतीस! आजी हसून हसून खोकायला लागली. दिवसभर तेच म्हणत होती. "चोरबी आपलाच! काय गाव हाय!"

तर त्या संध्याकाळी सोमावतीबाई बाबांना म्हणाल्या, तुमची मुलगी हुशार आहे, तिला माझ्याकडे पाठवा. दोन वर्षं. माझ्या घरी राहील, विहाराच्या शाळेत पाली शिकेल, आमच्या लहान मुलांना इंग्रजी शिकवायला मला मदत करेल. मग परत येऊन तुमच्या विहारात शिकवू दे.

हे मलाच भाषांतर करायचं होतं गं. माझ्याबद्दलचं, मीच. माझा आवाज असा कापत होता की बाबा म्हणाले, "काय झालं? रागावल्या का त्या?" मी सांगितलं. बाबांनी एक क्षण घेतला नाही. दुसऱ्या कुठल्या गावाला मला मैत्रिणीच्या लग्नाला पाठवायचं तरी बाबा दहा प्रश्न विचारतात, कोणाकडे उतरणार, पाणी कुठून भरतात, वस्ती कुठली. तुला माहितीये त्यांचं. आणि इथं? समुद्रापलीकडे! तर म्हणाले, "अख्खं गाव आपलं आहे, विचारायचं काय त्यात? जाऊ दे पोरीला."

मला रात्रभर... जाऊ दे, झोप वगैरे काही नाही. नुसतं डोळ्यांपुढे ते गाव. तलावात अंघोळ करणाऱ्या बायका, तो पाववाला, आणि मी लायब्ररीत बाकावर. मला कोणी विचारत नाहीये तुझं आडनाव काय, आणि आडनाव सांगितल्यावर कोणाचा चेहरा बदलत नाहीये. तुला आठवतं ना कॉलेजात पहिल्या दिवशी? तसं काहीच नाही. अख्ख्या गावात नाही.

दुसऱ्या दिवशी बस दुरुस्त झाली. दुपारी जेवण करून निघायचं ठरलं. बाबांनी कमिटीतल्या चौघांना बोलावलं, सगळ्यांसमोर जाहीर करायचं म्हणून. आईनं खीर, पुऱ्या, वांग्याची भाजी, आणि पाहुण्यांसाठी भाताचा डोंगर केला. आणि आजीनं हट्ट धरला, सोमावतीबाईंना पाट मांडायचा. आपल्याकडे मानाचं माणूस म्हटलं की पाट. घरचा पाट मोडका, म्हणून भिकनकाकांकडून त्यांच्या लेकीच्या लग्नातला मागून आणला, पितळी फुलं ठोकलेला. मी पुसला, तेलाचा हात दिला. आजीनं स्वतः, कंबर धरून धरून, भोवती रांगोळी घातली. बाकी आम्ही सगळे सतरंजीवर. पाट एकच, फक्त त्यांना.

सोमावतीबाई हात धुऊन आल्या. पाट बघितला. आणि विंचू दिसावा तसा पाय मागे घेतला.

आई म्हणाली, "बसा ना."

त्या उभ्याच. चेहरा असा झाला, भागे, कसा सांगू, कोणीतरी भर चौकात शिवी दिल्यासारखा. ओठ घट्ट. पाटाकडे बघतात, आमच्याकडे बघतात. आजीनं त्यांचा हात धरून खाली बसवायला बघितलं तर हात सोडवून घेतला. आई मला कुजबुजली, "खिरीत काही पडलंय का?" बाबांचं तोंड उतरलं. चौघं कमिटीवाले एकमेकांकडे बघायला लागले.

गुणपाल पटकन माझ्याजवळ आला. हळू आवाजात, इंग्रजीत, भराभर. म्हणाला, "आई तुमच्यावर रागावलेली नाही. पण तिला वाटतंय तुम्ही तिचा अपमान करताय. आमच्याकडे असं बुटकं बसायला फक्त त्या लोकांना देतात."

मी म्हटलं, "कोणत्या लोकांना?"

तो म्हणाला, "तलावाच्या खाली एक वस्ती आहे. ढोल वाजवणाऱ्यांची. ते कामाला घरी आले तर त्यांना खुर्ची देत नाहीत. बुटकं स्टूल देतात, एवढंच उंच. जुनी पद्धत आहे."

मला वाटलं मला नीट समजलं नाही. माझं इंग्रजी ना, म्हणून परत विचारलं. म्हटलं, "ते लोक बौद्ध नाहीत?"

"बौद्धच," तो म्हणाला. "विहारातले ढोल तेच वाजवतात. त्यांच्याशिवाय पूजा होत नाही."

आणि मग म्हणाला, "प्लीज, वडिलांना हे सांगू नकोस. सांग, आईचे गुडघे दुखतात."

बाबा विचारतायत, "काय म्हणतो तो? विमल? काय म्हणतो?"

सगळी खोली माझ्याकडे बघतीये. आणि माझ्या एकटीच्या पोटात ते आहे. आजी सांगते ना नेहमी, लहानपणी गावात पाटलाच्या वाड्यावर गेलं की उंबऱ्याबाहेर उकिडवं बसायचं, पाणी वरून ओतायचे, आणि चहाची बशी वळचणीला खोचलेली असायची. ती आजी तिथंच उभी होती, हाताला रांगोळी लागलेली. आणि मी बोलले तर माझं सगळं गाव, तलाव, लायब्ररी, सगळं गेलं. बाबा कधीच पाठवणार नाहीत.

मी म्हटलं, "त्यांचे गुडघे दुखतात."

"हात्तिच्या!" सगळे एकदम हसले. कमिटीवाल्यांनी विहारातली लोखंडी खुर्ची आणली. सोमावतीबाई बसल्या, मांडीवर ताट. आई वाढायला लागली. सगळं छान झालं. आणि आजी म्हणाली, "मांडलेला पाट रिकामा कशाला," आणि स्वतःच त्या पाटावर बसली. बरोब्बर त्यांच्या खुर्चीसमोर.

बघ तू. त्या वर खुर्चीत. आजी खाली, पाटावर, मान वर करून त्यांच्याशी बोलतीये, "खा माय, लाजू नका." आणि सोमावतीबाई आजीकडे खाली बघतात, आणि त्यांना आता बरं वाटतंय! म्हणजे मुद्दाम नाही गं. पण खांदे सैल झाले त्यांचे. सगळं जिथल्या तिथे बसल्यासारखं.

मी ताट सरकवलं आणि म्हटलं, "गुडघे नाही दुखत त्यांचे." आणि सांगून टाकलं. वस्ती, ढोल, स्टूल, सगळं. एका दमात, मधे श्वास नाही.

गुणपाल जमिनीकडे बघतोय. बाबांनी एकच विचारलं, "बौद्ध आहेत ते?" मी म्हटलं, हो. "आणि तरी?" मी म्हटलं, हो.

आजी पाटावरून उठलीच नाही. म्हणाली, "इचार त्यास्नी, च्या देत्यात का?"

मी विचारलं. गुणपाल म्हणाला, "देतो. पण ग्लास वेगळा. स्वयंपाकघराच्या मागे फळीवर असतो."

आजीनं मान हलवली. "आमची बशी वळचणीला असायची. ह्यांचा फळीवर. सुधारल्यात."

कोणी हसलं नाही. आजी एकटी हसली.

सोमावतीबाईंनी मुलाला त्यांच्या भाषेत विचारलं, त्यानं सांगितलं. वाटलं, आता उठून जातील. नाही. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, आणि हेडमास्तरीण वर्गात बोलते तसं हळूहळू, मला प्रत्येक शब्द कळेल असं, म्हणाल्या, "माझ्या शाळेत मी त्या मुलांना सगळ्यांच्या बाकावर बसवलं. पालक भांडायला आले तरी बसवलं. पण घरात सासूबाईंचा नियम होता. सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली. नियम मी ठेवला. का ठेवला, मला कोणी आजपर्यंत विचारलं नव्हतं."

मी हे सांगितलं सगळ्यांना. मग मला राहवलं नाही, मी विचारलं, "मी आले तर मला कशावर बसवाल?"

त्यांना नवल वाटलं. "खुर्चीवर! तू माझी पाहुणी. माझ्या मुलीसारखी. तिथं तुझं घराणं काय, कोण विचारणार आहे? तिथं कोणाला माहीतच नाही."

प्रेमानंच म्हणाल्या. मला समजलं की प्रेमानं म्हणाल्या. पण हे मी मराठीत सांगितलं ना, तेव्हा ते शब्द वेगळेच झाले. म्हणजे मी तिथं खुर्चीत बसणार, आणि दारात कोणी ढोलवाला आला तर त्याला बुटकं स्टूल मी देणार? त्याचा ग्लास मी आणणार, फळीवरून?

बाबा उठले. म्हणाले, "जायचं नाही. संपलं."

आणि आजी! आजी काय म्हणाली ऐक. "जायचं. का नाय जायचं? सात पिढ्या भुईवर बसलो. पोर बसू दे की खुर्चीत. माझ्या वाटचीबी बस गं!"

"आये, तू गप," बाबा म्हणाले. "तिकडंही कोणीतरी भुईवरच बसलंय ना."

"मंग ही हितं राहिल्यानं ते उठनार हाय का?"

दोघांचं असं जुंपलं, कमिटीवाले हळूच चपला घालायला लागले. आई मधे खीर घेऊन उभी. तेवढ्यात कोपऱ्यावर बसचा हॉर्न. माणसं गोळा व्हायला लागली, पिशव्या, नमस्कार, फोटो. सोमावतीबाईंनी आजीपुढे वाकून हात जोडले, आजीनं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि दोघी एक शब्द बोलल्या नाहीत, म्हणजे बोलल्या असत्या तरी मलाच सांगावं लागलं असतं.

मी बसपर्यंत गेले. बाई पायरीवर चढल्या, वळल्या, आणि म्हणाल्या, "मग? मी विहारात सांगू का, तू येतेस म्हणून?"

मागे बाबा उभे. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं. मी म्हटलं, "मी आले तर पहिल्या आठवड्यात त्या वस्तीत चहा प्यायला जाणार. तुम्ही याल माझ्याबरोबर?"

गुणपाल खिडकीतून बघतोय. ड्रायव्हरनं गाडी चालू केली. बाईंनी माझे दोन्ही गाल धरले, त्यांच्याकडे करतात तसं कपाळ हुंगलं, आणि म्हणाल्या, "तू आधी ये."

हो नाही, आणि नाही पण नाही. तू आधी ये! ह्याचा काय अर्थ लावायचा माणसानं? बस हलायला लागली. आणि भागे, मला त्या क्षणी लायब्ररी आठवली नाही, पाववाला नाही, काही नाही. फक्त ती तलावाखालची वस्ती. कशी असेल? घरं कशी असतील? ते ढोल वाजवून विहारातून परत येतात तेव्हा आपसात काय बोलत असतील? पोस्टमन तिथं जातो का? मला बघायचंच आहे ते. इथं बसून मला कधीच कळणार नाही, आणि मी गेले नाही तर त्यांना कोणी विचारणारही नाही.

मी बसमागे पळाले आणि ओरडले, "येते!"

आता बाबा माझ्याशी बोलत नाहीत. ताटावर बसले की आईला म्हणतात, हिला मीठ दे. आजी पासपोर्टासाठी बांगडी विकायला निघालीये. भिकनकाका सांगत फिरतायत, पोरगी लंकेत कांद्याचं नाव बदलायला चाललीये. आणि मला अजून माहीत नाही, मी तिथं पोचले आणि बाईंनी मला खुर्ची दिली आणि दारात ढोलवाला उभा राहिला, तर मी बसेन का उठेन.

पण ते पुढचं. आता एवढंच सांग, खरं सांग हं, मला बरं वाटावं म्हणून नको. बस सुटतीये, मागे बाबा उभे आहेत, आणि ती बाई म्हणतीये तू आधी ये. तू काय केलं असतंस?